निळ्या नक्षीच्या बशीवरचा सांधा

पांढऱ्या भांड्यांवर निळ्या रंगात देखावे छापलेली जुनी इंग्रजी कपबशी, ताटल्या आणि मोठी पसरट भांडी यांविषयी वाचकांकडून सातत्याने प्रश्न येत असतात. त्यांतील बरेचसे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या संग्रहातील एका निळ्या-पांढऱ्या बशीच्या काठावरची वेल एका ठिकाणी मधेच तुटते आणि पुढे भलत्याच पानापासून सुरू होते. ही बशी छापील असून शिवाय सदोष आहे, असे जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. आपली बशी छापील आहे हे त्या तुटलेल्या वेलीवरून निश्चित होते, मात्र ती सदोष आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. तो सांधा तिथे कसा आला हे कळण्यासाठी छपाईची सगळी रीत माहीत असायला हवी, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

कामाची सुरुवात तांब्याच्या पत्र्यापासून होत असे. खोदकाम करणारा कारागीर कोरणीने त्यावर रेषा कोरी आणि टोच्याने बारीक ठिपके उठवी. रेषा किंवा ठिपका जितका खोल, तितका त्यात रंग अधिक मावतो आणि भाजल्यानंतर निळा तितकाच गडद दिसतो. त्यामुळे आकाशातला विरळ ढग आणि झाडाखालची दाट सावली यांच्यातला फरक खोदकामाच्या खोलीने साधलेला असतो, कारण रंग सगळीकडे एकच असतो. पुस्तकासाठी चित्र कोरणाऱ्याला ते उलटे कोरावे लागते, पण भांड्यांसाठी कोरणाऱ्याला ते सुलटेच कोरता येत असे, कारण पत्र्यावरून कागदावर येताना चित्र एकदा उलटते आणि कागदावरून भांड्यावर जाताना पुन्हा सुलटे होते. मात्र त्याचे काम त्यामुळे हलके होत नसे. एकच नक्षी जेवणाच्या ताटलीवर, लहान बशीवर, सूपच्या झाकणदार भांड्यावर आणि कपाच्या गोलाईवर बसवायची, तर प्रत्येक आकारासाठी आणि मापासाठी वेगळा पत्रा कोरावा लागे, आणि एका संपूर्ण संचाच्या खोदकामात कित्येक महिने जात.

हा पत्रा चुलीवर तापवून त्यावर रंग चोळत. कोबाल्टची पूड उकळून घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात घोटून हा रंग केलेला असे आणि थंड असताना तो इतका चिवट असे की बारीक रेषेत शिरतच नसे, म्हणूनच पत्रा तापवावा लागे. वरचा रंग पात्याने खरवडून आणि कापडाच्या गादीने पुसून घेतला की तो फक्त कोरलेल्या खाचांत उरे. मग मऊ साबणाच्या पाण्यात भिजवलेला अत्यंत पातळ पण चिवट टिश्यू कागद पत्र्यावर अंथरून दोन्ही मिळून फ्लॅनेल गुंडाळलेल्या रुळांच्या यंत्रातून दाबून काढत. पत्रा पुन्हा किंचित तापवला की कागद चित्रासह अलगद सुटून येई.

इथून पुढचे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करीत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर याच टप्प्यात आहे. छपाई करणारा एक पुरुष, छाप बसवणाऱ्या एक-दोन स्त्रिया आणि कागद कापणारी एक लहान मुलगी, असा साधारणपणे एक गट असे. मुलगी कात्रीने मधले चित्र आणि काठाची पट्टी वेगळी करी. छाप बसवणारी स्त्री ते तुकडे एकदा भाजलेल्या, झिलई म्हणजे वरचा काचेसारखा थर न दिलेल्या भांड्यावर चिकटवी. असे भांडे सच्छिद्र असते आणि तेलकट रंग त्याला टेकताक्षणीच धरतो, म्हणून एकदा टेकवलेला कागद सरकवून नीट करण्याची सोय नसे. सपाट कागदाची पट्टी उतरत्या, गोलाकार काठावर बसवायची म्हणजे कुठे ती थोडी ताणावी लागे, कुठे चुण्या दाबून बसवाव्या लागत आणि शेवटी दोन टोके कुठेतरी एकमेकांना भेटवावी लागत. त्यानंतर ताठ केसांच्या ब्रशला मऊ साबण लावून ती कागद जोर लावून घासे, आणि मग भांडे पाण्यात बुडवले की कागद निघून जाई, पण तेलात घोटलेला रंग पाण्याला दाद देत नसल्याने जागच्या जागी राही.

दोन टोके जिथे भेटतात तोच आपल्याला दिसलेला सांधा. कुशल हाताने तो पानांच्या गर्दीत किंवा फुलामागे दडवलेला असतो, तर घाईच्या दिवशी तो वेलीच्या मधोमध येतो. निरखून पाहिले तर बहुतेक जुन्या छापील बशांवर तो सापडतो, आणि मला स्वतःला बशी हातात आल्यावर सर्वांत आधी तोच शोधावासा वाटतो, कारण ज्या स्त्रीचे नाव बशीच्या तळावरच्या कोणत्याही मुद्रेत नाही तिच्या हाताची ती एकमेव खूण असते.

सांध्यानंतरही दोन भाजण्या उरतात. सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या मंद भट्टीत आधी तेल जाळून टाकतात, कारण तेल राहिले तर पातळ झिलई त्या रेषांवर ठरत नाही. नंतर भांडे झिलईच्या द्रावात बुडवून सुमारे १,०५० अंशांना पुन्हा भाजतात. झिलई वितळून काच होते आणि चित्र त्या काचेखाली कायमचे बंदिस्त होते. दीडदोनशे वर्षे धुऊनही रंग झिजत नाही, याचे कारण एवढेच आहे.

प्रश्न : या भांड्यांत निळाच रंग का? लाल किंवा हिरवा का नाही?

उत्तर : आवडीचा भाग त्यात होताच. चीनमधील निळ्या-पांढऱ्या भांड्यांची मोहिनी युरोपवर दीर्घकाळ होती. परंतु खरे कारण भट्टीचे आहे. झिलईखाली दिलेल्या रंगाला दुसऱ्या भाजणीची पूर्ण उष्णता सोसावी लागते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस छपाईत भरवशाने टिकणारा रंग एकच होता, तो म्हणजे कोबाल्ट. कोबाल्टचा ऑक्साइड वितळत्या काचेत विरघळून तिला निळा रंग देतो, आणि तोही अगदी थोड्या प्रमाणात असला तरी. कच्चा कोबाल्ट काळपट करडा दिसतो, त्यामुळे छपाई करणाऱ्याला त्याच्या कामाचा खरा रंग भट्टी उघडल्यावरच दिसत असे. इंग्लंडला हा माल मुख्यतः जर्मनीतील सॅक्सनीच्या खाणींतून मिळे. नेपोलियनच्या युद्धकाळात तो पुरवठा अडू लागला, तेव्हा चेशरमधील ऑल्डर्ली एज येथे स्थानिक कोबाल्ट काढण्याचेही प्रयत्न झाले.

हिरवा, तपकिरी, गुलाबी आणि जांभळा हे झिलईखालचे छापील रंग १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. तरीही निळा मागे पडला नाही. उलट पुढे तो मुद्दाम पसरवण्याची टूम निघाली. भट्टीत भांड्यांसोबत नवसागरासारखे क्षार ठेवले की त्यांच्या वाफांमुळे कोबाल्ट झिलईत ओघळतो आणि रेषांभोवती निळे धुके पसरते. आपल्याकडील एखादी बशी अशी धूसर दिसत असेल, तर ती खराब छपाई असेलच असे नाही, कारण या प्रकाराला ‘फ्लो ब्लू’ असे नावच आहे.

प्रश्न : ही कला नेमकी कोणी शोधली? काही ठिकाणी लिव्हरपूलचे नाव वाचले, काही ठिकाणी स्टॅफर्डशरचे.

उत्तर : दोन्ही नावे बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींसाठी. छापील कागदावरून चित्र उतरवण्याची कल्पना १७५० च्या दशकात इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी जवळपास एकाच वेळी पुढे आली. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रुक्सने १७५१ मध्ये अशा रीतीसाठी पेटंट मागितले होते. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितले की त्यांनी दुसऱ्या कोणाच्याही मदतीशिवाय सहा तासांत १,२०० हून अधिक फरशांवर चित्रे छापली. हाताने रंगवणाऱ्या कारागिरांना तो आकडा किती धडकी भरवणारा वाटला असेल, याची कल्पना करता येते. स्टॅफर्डशरचा नामांकित भांडी-कारखानदार जोसाया वेजवुड आपली फिकट पिवळसर भांडी छपाईसाठी त्यांच्याकडे लिव्हरपूलला पाठवीत असे. मात्र ही छपाई झिलईच्या वर केलेली होती, म्हणजे सुरीकाट्याने ती हळूहळू खरवडली जाई. झिलईखालची निळी छपाई त्याच दशकाच्या अखेरीस वूस्टरच्या कारखान्यात पोर्सिलेनवर, म्हणजे उजेड आरपार जाणाऱ्या नाजूक भांड्यांवर, होऊ लागली आणि पुढे श्रॉपशरमधील काफली येथे ती रुजली.

ती सामान्य माणसाच्या टेबलावर आणली स्टॅफर्डशरने. स्टोक येथील जोसाया स्पोड याने १७८४ च्या सुमारास साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखाली निळी छपाई यशस्वी केली आणि त्यासाठी काफलीचे प्रशिक्षित कारागीर त्याला उपयोगी पडले. इथे एक खुलासा करते. आपण सरसकट ‘चिनी मातीची भांडी’ म्हणतो, पण स्टॅफर्डशरची निळी छापील भांडी बहुतांशी पोर्सिलेनची नाहीत. प्रकाशासमोर धरली तर त्यांतून उजेड पार होत नाही. पांढरी भाजणारी माती, गारगोटीची पूड आणि वर कोबाल्टचा पुसटसा अंश घातलेली झिलई, अशी त्यांची घडण असे. कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून त्यांना नीळ देतात, तोच विचार त्या निळसर झिलईमागे आहे. बशीच्या तळाच्या कड्यापाशी, जिथे झिलई साचते तिथे, हा निळेपणा स्पष्ट दिसतो.

काळही अनुकूल होता. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबवली आणि उरल्यासुरल्या आयातीवर जबर जकात बसली. स्टॅफर्डशरजवळ कोळसा होता, १७७७ मध्ये पूर्ण झालेला ट्रेंट व मर्सी कालवा होता, आणि त्या कालव्यामुळे दूरच्या कॉर्नवॉलची पांढरी माती स्वस्तात येत होती, तसेच तयार नाजूक माल खडबडीत रस्त्यांवर न फुटता बंदरात पोहोचत होता. चिनी संचातील फुटलेल्या बशीच्या जागी इंग्रजी बशी देता देता हा धंदा इतका वाढला की १८२० च्या दशकात अमेरिकेसाठी खास गर्द निळ्या रंगाची भांडी तिथल्या शहरांच्या देखाव्यांसह छापली जात होती.

प्रश्न : विलो नक्षीमागची प्रेमकथा ही खरोखर चिनी दंतकथा आहे का?

उत्तर : नाही. वाकलेला वाळुंजाचा वृक्ष, पुलावरून जाणाऱ्या तीन व्यक्ती, नाव, पॅगोडा, पुढचे कुंपण आणि वर उडणारी दोन पाखरे असलेली ही नक्षी साधारण १७९० च्या सुमारास इंग्लंडमध्येच चिनी नमुन्यांतील वेगवेगळे भाग जुळवून सिद्ध झाली. तिच्या जडणघडणीशी थॉमस मिंटन या काफलीत शिकलेल्या खोदकाम कारागिराचे नाव जोडले जाते. श्रीमंत मँडरिनची, म्हणजे चिनी सरकारी अधिकाऱ्याची, कन्या कूंग-से आणि तिचा प्रियकर चांग यांचे पलायन, हातात चाबूक घेऊन पुलावरून पाठलाग करणारा बाप आणि शेवटी त्या दोघांची झालेली पाखरे ही कथा एका इंग्रजी मासिकात १८४९ मध्ये छापून आली, म्हणजे चित्र आधी आणि कथा त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी. कथेमुळे नक्षीचा खप मात्र अफाट वाढला आणि असंख्य कारखान्यांनी ती छापली. म्हणूनच केवळ विलो नक्षी आहे एवढ्यावरून कारखाना किंवा काळ ठरवता येत नाही.

प्रश्न : एका छायाचित्रात इंग्रजी ताटलीवर हत्ती आणि शिकारी यांचे भारतीय दृश्य पाहिले. त्या कारागिरांनी भारत पाहिला होता का?

उत्तर : बहुधा त्यांनी स्टॅफर्डशरबाहेरही फारसे काही पाहिले नसेल. आपण पाहिलेली ताटली स्पोडच्या ‘इंडियन स्पोर्टिंग’ मालिकेतील असावी. बंगालमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या कॅप्टन थॉमस विल्यमसन यांच्या माहितीवर आणि रेखाटनांवरून सॅम्युएल हॉविट यांनी केलेली शिकारीची ४० चित्रे १८०७ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. स्पोडच्या कारागिरांनी त्यांतली निवडक दृश्ये तांब्यावर उतरवली आणि संचातील भांड्यागणिक वेगळे दृश्य योजले. थॉमस आणि विल्यम डॅनिएल या चुलत्या-पुतण्यांनी भारतात फिरून काढलेली आणि १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध केलेली मंदिरे, मकबरे व किल्ले यांची चित्रेही अनेक कारखान्यांनी वापरली. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने तर मदुरेच्या किल्ल्यातील दृश्य आपल्या ताटल्यांवर छापले. कित्येकदा एका चित्रातील इमारत, दुसऱ्यातील झाडे आणि तिसऱ्यातील माणसे एकत्र आणून कारागीर स्वतःचाच एक देश उभा करीत, त्यामुळे अशा बशीवरून जुन्या वास्तूचे खरे रूप अभ्यासायला निघालेल्याने फार सावध राहायला हवे. नक्षीच्या हक्कांविषयीच्या १८४२ च्या कायद्याने नकलेला आळा बसल्यानंतर प्रत्यक्ष ठिकाणांची अशी उसनी दृश्ये मागे पडली आणि तळी, कारंजी व कमानी असलेले कल्पित देखावे पुढे आले.

प्रश्न : शेवटी छापील नक्षी म्हणजे हाताने रंगवलेल्या भांड्याची स्वस्त नक्कलच. मग तिला कला का म्हणावे?

उत्तर : ती स्वस्त होती हे मान्य, आणि स्वस्त करण्यासाठीच ती घडवली गेली. परंतु तिला नक्कल म्हणणे मला पटत नाही. कुंचल्याने जे होते ते छपाईने होत नाही, आणि ठिपक्यांनी भरलेले आकाश किंवा पडक्या वास्तूची दगडागणिक सावली, जी १८१६ मध्ये सुरू झालेल्या स्पोडच्या ‘ब्लू इटालियन’ नक्षीत दिसते, ती भरधाव कामातल्या कुंचल्याने कधीच साधली नसती. खोदकामाचे कसब एकाचे, रंगाच्या प्रमाणाची जाण दुसऱ्याची, वाकड्या काठावर सपाट कागद बसवण्याची हातोटी तिसरीची, असे हे सामाईक काम आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झिलईत शिसे असे आणि भांडी त्यात बुडवणाऱ्यांचे हात दिवसभर त्या द्रावात असत. शिशाच्या विषबाधेने त्यांच्यापैकी अनेकांचे मनगट लुळे पडे, पोटात असह्य कळा येत. कागद कापणाऱ्या मुली बऱ्याचदा दहा वर्षांच्याही नसत. १८४१ मध्ये सॅम्युएल स्क्रिव्हन यांनी सरकारी चौकशीसाठी या कारखान्यांतील मुलांच्या जबान्या घेतल्या, त्या आजही वाचता येतात आणि त्या वाचल्यानंतर सुंदर बशीकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. या भांड्यांचे मोल ठरवताना ही माणसे हिशेबात धरली जावीत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : बशीचे वय घरी कसे ओळखावे? आणि तीत जेवावे का?

उत्तर : आधी भिंगातून नक्षी पाहावी. रेषा आणि ठिपके तुटक, कोरल्यासारखे दिसले आणि कुठेतरी सांधा सापडला, तर ती कोरीव पत्र्यावरची छपाई होय. कुंचल्याचे काम असेल तर रंगाची लाट जाड-पातळ होत गेलेली दिसते. रंगाचे ठिपके सर्वत्र एकसारख्या जाळीत असतील, तर ते विसाव्या शतकातील चिकटचित्र असण्याचा संभव अधिक.

मग बशी उलटी करावी. पत्त्यांतील चौकटीच्या आकाराची, टोकावर उभी असलेली लहान मुद्रा असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातील आहे. १८८४ पासून तिच्या जागी नोंदणीचे क्रमांक आले. ‘इंग्लंड’ हा शब्द छापलेला असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने मूळ देशाचे नाव घालणे तेव्हापासून आवश्यक झाले. ‘मेड इन इंग्लंड’ बहुतेक विसाव्या शतकातले असते. कोणतीच मुद्रा नसेल तर निराश होऊ नये, कारण सुरुवातीच्या कित्येक उत्तम बशांवर ती नाहीच. मागे तीन-तीन बारीक खुणा दिसतात, त्या भट्टीत बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवलेल्या तिकाटण्यांच्या आहेत. त्यांना तडे समजू नये.

जेवण्यासाठी मात्र या बशा वापरू नयेत. जुन्या झिलईतील शिसे आंबट पदार्थांत उतरू शकते, आणि झिलईला बारीक तडे गेले असतील तर धोका वाढतो. डाग काढण्यासाठी घरगुती ब्लीच वापरण्याचा मोहही टाळावा, कारण तो तड्यांतून आतल्या सच्छिद्र मातीत शिरतो आणि पुढे झिलईच उचकटते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसे आहे.

प्रश्न : अशी छपाई आजही होते का?

उत्तर : होते, पण अत्यंत थोडी. विसाव्या शतकात चिकटचित्रांनी तिची जागा घेतली आणि एकेक कारखाना या कामातून बाहेर पडला. स्पोडचा स्टोकमधील कारखानाही २००८ मध्ये बंद पडला, जरी त्याच्या नक्ष्या नव्या मालकाकडे चालू राहिल्या. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बर्स्लेम भागातील मिडलपोर्ट पॉटरी या १८८९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने मात्र टिश्यू कागदावरून हाताने छाप उतरवण्याची जुनी रीत बर्ली या नावाच्या भांड्यांसाठी जपली. तिथल्या नव्या कपाच्या दांडीमागे पाहिले, तर फुलांची पट्टी जिथे संपते आणि पुन्हा सुरू होते ती जागा बोटाला लागत नाही, पण डोळ्यांना दिसते.